परगावचा उमेदवार

जपानमध्ये स्थानिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर सहसा उमेदवारांची नावं छापलेली नसतात. चिन्हंही नसतात. मतदाराच्या हाती कोऱ्या चौकटीचा कागद येतो आणि त्या चौकटीत त्याने आपल्या पसंतीच्या उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. २१ एप्रिल २०१९ रोजी टोकियोतल्या एदोगावा प्रभागात ६,४७७ मतदारांनी त्या चौकटीत एका मराठी माणसाचं नाव लिहिलं. योगेंद्र पुराणिक हे त्याचं नाव. जन्म १९७७ चा, अंबरनाथचा. त्या निवडणुकीत ते एदोगावाच्या ४४ जणांच्या सभागृहात पाचव्या क्रमांकाची मतं घेऊन निवडून आले. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडणूक जिंकण्याची ती पहिली वेळ होती.

नंदुरबार जिल्ह्यातल्या पंचायतींविषयीच्या पुस्तकात टोकियो कशाला, असं वाचकाला वाटेल. बाहेरून आलेल्या माणसाने गावचा कारभारी व्हावं का, आणि व्हायचं तर कुठल्या वाटेने, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात रोज विचारला जातो. धडगावच्या आश्रमशाळेतला मास्तर अहिल्यानगरचा (पूर्वीच्या अहमदनगरचा) असतो, मोलगीच्या दवाखान्यातली परिचारिका जळगावची, ग्रामसेवक धुळ्याचा. ही माणसं इथे दहा-वीस वर्षं काढतात, मुलं इथेच वाढवतात, काही जण निवृत्तीनंतर घर बांधून इथेच राहतात. गुजरात आणि मध्य प्रदेशातून सुना येतात. नर्मदेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर येऊन वसली. यांपैकी कोण, कधी आणि कशाच्या बळावर उभं राहू शकतं, हे समजून घ्यायला पुराणिकांची वाटचाल उपयोगी पडते. त्यांच्या वाटेतला प्रत्येक टप्पा स्वच्छ दिसतो. आपल्याकडे तेच टप्पे नात्यागोत्यात आणि दाखल्यांच्या गठ्ठ्यात हरवून जातात.

पुराणिक पहिल्यांदा जपानला गेले ते १९९७ मध्ये, विद्यार्थी म्हणून. भाषा शिकले, परत आले, पुन्हा गेले, आणि २००१ पासून माहिती तंत्रज्ञानाच्या नोकरीसाठी तिथे राहू लागले. पुढे बँकांमध्ये काम केलं. राहायला त्यांनी एदोगावातला निशी-कासाई हा भाग निवडला, आणि त्याला कारणं होती. २००० सालच्या सुमारास, संगणकांतल्या तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी जपानी बँकांना आणि कंपन्यांना मोठ्या संख्येने भारतीय अभियंते हवे होते. निशी-कासाईतून मेट्रोची तोझाई लाइन थेट टोकियोच्या वित्तीय भागात नेते. तिथल्या सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेच्या इमारतींत परदेशी माणसाला जपानी जामीनदार न देता घर मिळत असे. शिवाय चहाचे व्यापारी जगमोहन चंद्रानी तिथे आधीपासून राहत होते. नव्याने येणाऱ्या भारतीयांना घर मिळवून देणं, जेवणाची सोय लावणं ही कामं त्यांनी अंगावर घेतली होती. २०१९ च्या सुमारास एदोगावात ४,३०० च्या आसपास भारतीय होते, टोकियोच्या २३ प्रभागांत सर्वांत जास्त. पुराणिकांच्या आईनेही तिथे घरगुती जेवणाचं उपाहारगृह सुरू केलं.

एदोगावात भारतीय आहेत म्हणून भारतीय निवडून आला, असा सोपा निष्कर्ष इथे कुणीही काढेल. तो चुकीचा आहे. जपानमध्ये परदेशी नागरिकाला मत नाही, अगदी वस्तीपातळीच्या निवडणुकीतही नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटलं होतं की कायमच्या रहिवाशांना स्थानिक मताधिकार देणारा कायदा केला तर राज्यघटना त्याला आड येत नाही. पण तसा कायदा आजवर झालेला नाही. एदोगावातले बहुतेक भारतीय कामाच्या परवान्यावर आलेले, म्हणजे मतदार यादीबाहेरचे. पुराणिकांच्या नावाची चौकट भरणारे हात जवळजवळ सगळे जपानी होते. ज्यांना आपण ‘आपली माणसं’ म्हणतो त्यांची मतं त्यांना मिळूच शकत नव्हती.

मग ती ६,४७७ मतं आली कुठून? पहिलं उत्तर नागरिकत्वाचं. जपानमध्ये नागरिकत्व मागण्यासाठी तेव्हा सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागत असे, आणि जुनं नागरिकत्व सोडावं लागतं. भारतही दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे इथे दोन होड्यांवर पाय ठेवताच येत नाही. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर अनेक परदेशी कुटुंबांनी टोकियो सोडलं. पुराणिक राहिले, मदतकार्यात उतरले, आणि २०१२ मध्ये जपानी नागरिक झाले. भारतीय पारपत्र परत करणं ही कुठल्याही घरातली साधी गोष्ट नाही. जे करतात त्यांच्या निर्णयाचा मला आदर वाटतो, कारण त्यात परतीची सोय मागे ठेवलेली नसते.

दुसरं उत्तर शेजाराचं, आणि माझ्या मते खरं बळ तिथे आहे. जपानमध्ये प्रत्येक वस्तीत रहिवासी संघ असतो. कचरा कुठल्या दिवशी कुठे ठेवायचा, उन्हाळी उत्सवाचा मांडव कुणी घालायचा, भूकंपाच्या सरावात म्हाताऱ्या माणसांना कुणी बाहेर काढायचं, ही सगळी कामं तो पाहतो. या कामांना पगार नाही, मानधन नाही. परदेशी माणसं बहुधा त्यांपासून दूर राहतात, कारण भाषा येत नाही आणि आपण इथे तात्पुरते आहोत असं मनात असतं. पुराणिक त्यांत शिरले. भारतीय आणि जपानी शेजाऱ्यांमध्ये मसाल्याचा वास, मुलांचा दंगा, कचऱ्याची वर्गवारी यांवरून कुरबुरी होत, तेव्हा दोन्ही बाजूंची भाषा बोलणारा माणूस हवा असे. तो माणूस ते झाले. २०१९ च्या प्रचारात त्यांनी जपानी आणि परदेशी रहिवाशांमधला पूल होण्याचं वचन दिलं, ते वर्षानुवर्षं केलेल्या कामातूनच आलेलं होतं.

त्यांना उमेदवारी घटनात्मक लोकशाही पक्षाने दिली. प्रभाग सभागृहासाठी वय किमान २५ लागतं आणि त्या प्रभागात निदान तीन महिन्यांचं वास्तव्य लागतं. अनामत तीन लाख येन, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेदोन लाखांच्या वर रुपये. अधिकृत प्रचाराला सात दिवस मिळतात. त्या सात दिवसांत उमेदवार सकाळी रेल्वेस्थानकाच्या दारात उभा राहून कामावर जाणाऱ्यांना वाकून नमस्कार करतो आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच हजर असतो. मतदाराला नाव हाताने लिहायचं असल्याने ते सोपं असावं लागतं. पुराणिकांनी प्रचारात स्वतःचं नाव ‘योगी’ असं ठेवलं, साध्या जपानी लिपीतली दोन अक्षरं. एदोगावा नावाला प्रभाग असला तरी सुमारे सात लाख वस्तीचं शहर आहे. ४४ जागांसाठी प्रत्येक मतदाराला एकच मत असतं आणि सगळे उमेदवार एकाच मैदानात असतात. अशा लढतीत पाचवं येणं म्हणजे दारोदारची ओळख असणं.

आता नंदुरबारला येऊ. इथे नागरिकत्वाचा प्रश्न नाही, सगळे भारतीयच. पण टप्पे आहेत, आणि पहिला टप्पा मतदार यादीचा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ज्याचं नाव त्या गावच्या यादीत आहे आणि वय २१ पूर्ण आहे, तो अपात्र नसेल तर उभा राहू शकतो. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच, प्रभागनिहाय फोडून तयार होते. म्हणून खरा निर्णय १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या ‘सर्वसाधारण रहिवासी’ या अटीवर होतो. त्या कायद्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. नुसतं घर किंवा जमीन मालकीची आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि काही काळ बाहेर गेला म्हणून रहिवासीपण संपतही नाही.

ही दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी फार मोलाची आहे. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याची कुटुंबं उचल घेऊन दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडांवर जातात आणि होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरायच्या सुमारास परततात. काठीच्या राजवाडी होळीला गावंच्या गावं पुन्हा भरतात. हिवाळ्यात निवडणूक लागली की उमेदवार गाड्या करून फडांवरून मतदार आणतात. ही माणसं बाहेर असतात, पण कायद्याने गावचीच. त्यांचं नाव यादीतून वगळलं गेलं तर तो अन्याय आहे, आणि त्यावर हरकत घेणं हे गावातल्या शिकलेल्या माणसाचं काम आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, याचं मला अप्रूप वाटतं. ज्या गावचे लोक रोजगारासाठी बाहेर जातात, तिथून देशाच्या ओळखपत्राची सुरुवात झाली.

यादीत नाव आलं, आता अपात्रतेची कलमं. मास्तर, परिचारिका, ग्रामसेवक यांची वाट इथे थांबते. सरकारी किंवा स्थानिक संस्थेचा नोकर पंचायतीचा सदस्य होऊ शकत नाही. नागरी सेवा वर्तणूक नियमही त्याला निवडणुकीच्या राजकारणापासून दूर राहायला सांगतात. म्हणजे आधी राजीनामा किंवा निवृत्ती, मग अर्ज. हा नियम मला पूर्णपणे पटतो. ज्याच्या सहीने रेशन मिळतं, दाखला मिळतो, पोराची हजेरी लागते, त्याने नोकरीत असताना मत मागायला येणं म्हणजे दबाव. पण नोकरी संपल्यावर तोच माणूस पंचायतीच्या फार उपयोगाचा असतो. जमाखर्चाची वही, निविदा, वित्त आयोगाचा निधी, रोजगार हमीचं मस्टर हे सगळं त्याला माहीत असतं. गावातल्या नव्या सदस्याला हे शिकायला पाच वर्षांची मुदत पुरत नाही.

बाकीच्या अटी सर्वांना सारख्याच. १३ सप्टेंबर २००१ पासून जन्मलेल्या अपत्यामुळे एकूण अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली असतील, तो अपात्र. पंचायतीची थकबाकी नको, सरकारी जागेवर अतिक्रमण नको, घरी शौचालय असून त्याचा वापर होत असल्याचं प्रमाणपत्र हवं. अनामत सर्वसाधारण उमेदवाराला ५०० रुपये, राखीव प्रवर्गातल्या उमेदवाराला १०० रुपये. टोकियोच्या तीन लाख येनांसमोर ही रक्कम काहीच नाही, आणि ती तशी आहे हे चांगलं आहे.

खरा अडसर राखीव जागांचा. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची लोकसंख्या १६,४८,२९५, त्यात अनुसूचित जमाती ६९ टक्क्यांहून जास्त. जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याने, अशा क्षेत्रात पंचायतीतल्या निदान निम्म्या जागा आणि सरपंचपदं सगळीच्या सगळी अनुसूचित जमातींसाठी ठेवली. अहिल्यानगरहून आलेला, अनुसूचित जमातीचा नसलेला मास्तर निवृत्त होऊन धडगावात राहिला, तर त्याला खुल्या जागेवरून सदस्य होता येईल. सरपंच कधीच नाही.

हे काहींना अन्यायाचं वाटतं. माझ्याकडे या तक्रारीसाठी सहानुभूती कमी आहे, आणि त्याचं कारण या जिल्ह्याच्या मातीतच आहे. इथे बाहेरून आलेला माणूस पूर्वी बहुतेकदा सावकार म्हणून आला. कर्जाच्या कागदावर अंगठा आणि मग सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव, असं शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात पिढ्यानपिढ्या घडलं. जमिनीचा मालक आपल्याच जमिनीवर सालदार झाला. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी केली ती याच प्रश्नावर. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा राज्याचा कायदा अशाच लढ्यांच्या काळात आला. गावाचा कारभार ज्यांच्या हातून गेला होता त्यांच्याकडे तो परत आणि पक्का जावा, म्हणून ते आरक्षण आहे. निवृत्त मास्तर सज्जन असेल, तरी त्याच्यासाठी ही भिंत पाडता येत नाही.

आणि बाहेरून आलेल्यांना जिल्ह्याने आपलं म्हटलेलं नाही असंही नाही. नंदुरबारच्या माणिक चौकात ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या शिरीषकुमार मेहतांच्या घरची भाषा गुजराती होती. आज गावातला कुठलाही माणूस, पावरा असो वा गुजर वा मराठा, त्यांचं नाव आपल्या घरच्या माणसासारखं घेतो.

ज्यांच्यासाठी मला खरंच वाईट वाटतं त्या सुना आहेत. सातपुड्यात राज्यांच्या सीमा नकाशावर आहेत, सोयरिकीत नाहीत. बडवानीकडची पावरा मुलगी धडगावात येते, छोटा उदेपूरकडची भिल्ल मुलगी अक्कलकुव्यात. दोन्ही राज्यांत ती अनुसूचित जमातीचीच. पण १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सांगितलं की एका राज्यातली अनुसूचित जमात दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिथल्या सवलतींवर हक्क सांगू शकत नाही. तो खटलाही मुंबईतला होता, सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाचा. जमात लग्नाने बदलत नाही, ती वडिलांकडून येते, आणि वडिलांचे कागद सीमेपलीकडे. अशा सुनेला महिलांसाठी राखीव आदिवासी जागेवर उभं राहायचं असेल तर जात वैधता समितीपुढे तिची मोठी अडचण होते. तिचं माहेर तिच्या सासरपासून चालत जाण्याइतकं जवळ असलं तरी. जमात तीच, बोली तीच, देवही तेच, असं जिथे आहे तिथे सीमेवरच्या तालुक्यांसाठी वेगळी तरतूद व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे.

नर्मदेच्या विस्थापितांची गोष्ट आणखी वेगळी. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली. सगळ्यात आधी मणिबेली. यांतल्या अनेकांना जिल्हा सोडावा लागला नाही, पण नदी, डोंगर आणि भाऊबंदकी सोडावी लागली. तळोदा-शहाद्याकडे रेवानगर, नर्मदानगर, सरदारनगर अशी नवी नावं असलेल्या वसाहती झाल्या. यजमान गावांना ही माणसं गायरानात आणि पाण्यात वाटेकरी वाटली. वसाहत महसुली गाव म्हणून जाहीर होईपर्यंत तिला स्वतःची ग्रामपंचायत मिळत नाही, आणि तोपर्यंत तिथला माणूस दुसऱ्याच्या गावात मत देतो. घर मिळालं, जमीन मिळाली, पण सरपंचाची खुर्ची मिळायला कागदावर गाव व्हावं लागतं. या भागात फिरणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. पुनर्वसनाच्या अहवालात घरांची आणि प्लॉटची संख्या असते, पंचायतीतल्या जागांची नसते.

जगात काही ठिकाणी बाहेरून आलेल्यांच्या उमेदवारीचा हा प्रश्न अगदी उलट्या बाजूने सोडवलेला आहे. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला आणि उभं राहायला आयरिश नागरिक असण्याची गरज नाही, तिथे राहत असणं पुरतं. त्याच आधारावर नायजेरियाहून आश्रय मागायला आलेले रोतिमी अदेबारी २००४ मध्ये पोर्टलीशच्या नगरसभेवर गेले आणि २००७ मध्ये महापौर झाले. त्याच २००४ च्या निवडणुकीत डब्लिनजवळच्या फिंगल परिषदेवर लिओ वराडकर निवडून आले. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. पुढे लिओ देशाचे पंतप्रधान झाले.

टोकियोत पुराणिकांना मात्र पुढची पायरी चढता आली नाही. २०२१ मध्ये त्यांनी टोकियो महानगर विधानसभेची निवडणूक लढवली आणि ते हरले. नंतर इबाराकी प्रांताने सरकारी शाळांसाठी बाहेरच्या माणसांतून मुख्याध्यापक निवडायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी अर्ज केला. २०२२ मध्ये ते त्सुचिउरा पहिल्या उच्च माध्यमिक विद्यालयाचे उपमुख्याध्यापक आणि २०२३ मध्ये मुख्याध्यापक झाले. आपल्याकडे मास्तर नोकरी सोडून पंचायतीत येतो. तिथे लोकप्रतिनिधी मास्तर झाला.

नोकरीत असलेल्या, निवडणूक लढवू न शकणाऱ्या माणसासाठी नंदुरबारमध्ये एक जागा मात्र आजच उघडी आहे, आणि तिचा वापर फार थोडे करतात. पेसाच्या २०१४ च्या महाराष्ट्र नियमांनी पाड्यापाड्याला स्वतःची ग्रामसभा घेण्याचा अधिकार दिला. गौण वनोपज, पाण्याचे साठे, गावच्या हद्दीतली जमीन यांविषयी तिथे ठराव होतात आणि त्यांना वजन असतं. ज्याचं नाव गावच्या यादीत आहे तो ग्रामसभेचा सदस्य, मग तो कुठल्याही जिल्ह्यातून आलेला असो. त्याला ना जात वैधता लागते, ना अनामत. परगावच्या मास्तराने आपलं नाव मूळ गावच्या यादीतून काढून इथे नोंदवलं, बदलीची वाट न बघता तो ग्रामसभेला बसू लागला, तेंदूपत्त्याच्या लिलावाचा हिशेब वाचून दाखवू लागला, कुणाचं नाव मतदार यादीतून गळलं तर त्याचा अर्ज भरून देऊ लागला, तर निवृत्तीनंतर त्याने उभं राहायचं की नाही हे विचारायला लोक स्वतः त्याच्या दारात येतात. यादीतलं नाव इकडे हलवण्यासाठी लागणारा अर्ज क्रमांक ८ तहसील कार्यालयात मिळतो आणि मोबाईलवरही भरता येतो.